सातव्या पायदानावरचं गाणं

सोसायटीची नोंदणी, बिल्डरशी झालेली भांडणं, कन्व्हेयन्सच्या फेऱ्या, बोअरवेल, लिफ्ट बदलण्याचं रामायण हे सगळं या स्मरणिकेत जाणकारांनी लिहिलंच आहे. माझ्याकडे संपादक मंडळाने "काहीतरी हलकंफुलकं द्या" असा लकडा लावला. विषय हलका आहे खरा, पण त्यात इतिहास आहे, आणि तो आपल्यापैकी अनेकांच्या घरात माळ्यावर धूळ खात पडलाय. टीव्हीवर गाण्यांना नंबर लावणारे जे कार्यक्रम असायचे, त्यांच्याबद्दल मला लिहायचंय. गेल्या कोजागिरीला गच्चीवर दूध आटेपर्यंत आपण त्यातले काही पडद्यावर पुन्हा पाहिले. त्यानंतर महिनाभर लिफ्टमध्ये भेटेल तो त्यावरच बोलत होता. तरुण मंडळी विचारत होती, "काका, हे नंबर ठरवायचं कोण?" त्या प्रश्नाचं उत्तर लिफ्टच्या सात मजल्यांत मावत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात टीव्हीपासून करून चालणार नाही, कारण गाण्यांना नंबर लावायची सवय आपल्याला रेडिओने लावली. १९५२ साली बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. केसकर आपले मराठी, पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे भोक्ते. त्यांच्या काळात आकाशवाणीवर हिंदी चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद झालं. लोकांनी मग काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि कोलंबोचं रेडिओ सिलोन पकडलं. ३ डिसेंबर १९५२ या बुधवारी तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत कार्यक्रम रेकॉर्ड करायचे, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून लहरींवर बसून परत आपल्या घरी यायची! आकाशवाणीने १९५७ साली विविध भारती सुरू केली, पण तोपर्यंत बुधवारची रात्र सयानींची झाली होती ती झालीच.

सुरुवातीला या कार्यक्रमात नंबर नव्हते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सात गाणी लागायची, कुठल्याही क्रमाने. लोकप्रियतेनुसार त्यांचा क्रम श्रोत्यांनी लावून पाठवायचा आणि बरोबर आला तर बक्षीस मिळवायचं. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, असं सयानी पुढे मुलाखतींत सांगायचे. पत्रांचा हा ढीग उपसणं अशक्य झालं, तेव्हा कार्यक्रमवाल्यांनी स्वतःच क्रम लावून गाणी वाजवायला सुरुवात केली. पायरीला हिंदीत 'पायदान' म्हणतात हे मला शाळेतल्या हिंदीच्या बाईंनी नाही, सयानींनी शिकवलं.

क्रम ठरायचा तो आधी मुख्यतः रेकॉर्डच्या खपावर. दुकानदारांकडून आकडे यायचे. पण त्यात एक गोची होती. गाणं गाजलं की रेकॉर्ड संपायची, दुकानात नवा माल यायला वेळ लागायचा, आणि तेवढ्यात खप नाही म्हणून गाणं खाली घसरायचं. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त मागणी, तेच यादीत मागे! यावर उपाय म्हणून गावोगावी श्रोता संघ उभे राहिले. त्यांनी आपापली यादी पाठवायची आणि दुकानाच्या आकड्यांशी तिचा मेळ घालायचा. आमच्या गिरगावातल्या चाळीतही असा एक संघ होता. पाच-सहा पोरं, एक रबरी शिक्का आणि जिन्याखालची जागा. रेकॉर्ड विकत घ्यायची ऐपत त्यांच्यापैकी एकाचीही नव्हती. ग्रामोफोनच नव्हता, तर रेकॉर्ड घेऊन करतात काय? पण त्यांच्या यादीला किंमत होती. न विकत घेणाऱ्यालाही मत असतं, ही गोष्ट मला त्या जिन्याखाली पहिल्यांदा कळली.

मग टीव्ही आला. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. आमच्या चाळीत अख्ख्या मजल्यावर एकच टीव्ही होता आणि गुरुवारी छायागीताच्या वेळी त्या बिऱ्हाडात चपला ठेवायलाही जागा नसायची. पुढे बुधवारचा चित्रहार आला. या दोन्ही कार्यक्रमांत नंबर नव्हते. कुठली गाणी लागणार ते कुठल्यातरी साहेबाच्या टेबलावर ठरायचं, आणि आपण जे लागेल ते प्रसादासारखं घ्यायचं. दोन नव्या गाण्यांसाठी चार जुनी ऐकायची. त्यामुळे आमच्या पिढीला आमच्या आई-वडिलांच्या काळातली गाणीही पाठ झाली, हा त्यातला न मागता झालेला फायदा.

टीव्हीवर नंबर आले ते नव्वदीच्या दशकात. १९९१ च्या आखाती युद्धानंतर गल्लोगल्ली केबलवाले उगवले. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला. दूरदर्शननेही कंबर कसली आणि १९९३ साली चार महानगरांतली दुसरी वाहिनी उपग्रहाने जोडून मेट्रो चॅनेल काढलं. त्यावर 'सुपरहिट मुकाबला' लागायचा. निवेदक बाबा सेहगल, ज्याची 'ठंडा ठंडा पानी' ही रॅपची कॅसेट १९९२ मध्ये तुफान गाजली होती. झीवर 'फिलिप्स टॉप टेन' असायचं, त्यात सतीश कौशिक आणि पंकज कपूर दोन गाण्यांच्या मध्ये नाटुकली करायचे. चॅनेल व्ही आलं १९९४ मध्ये. याच १९९४ मध्ये शेवटची काही वर्षं विविध भारतीवर काढलेली गीतमाला थांबली. कोणी कोणाला ढकललं असं म्हणता येणार नाही, पण पायदानं रेडिओवरून उतरली आणि टीव्हीवर चढली ती याच काळात.

आता आपल्या गच्चीवर काय पाहिलं ते सांगतो. बी विंगमधले आपले बँकवाले काका दोन वर्षांपूर्वी गेले. घर आवरताना त्यांच्या मुलीला माळ्यावर चौदा व्हिडिओ कॅसेट आणि एक लांबट हिशेबाची वही सापडली. भंगारवाला दारात उभा होता. तिने वही सहज उघडली म्हणून ती कॅसेटसकट वाचली. वहीत १९९३ ते १९९६ या काळातले टॉप टेन कार्यक्रम आठवड्यावार लिहिलेले होते. लेजरमध्ये लिहावं तसं सुवाच्य अक्षर: तारीख, कार्यक्रमाचं नाव, दहा गाणी, चित्रपट, संगीतकार, मागच्या आठवड्याचा नंबर, या आठवड्याचा नंबर. आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईने 'माझा नंबर'. म्हणजे टीव्हीवाल्यांनी लावलेला क्रम एकीकडे आणि काकांनी स्वतः लावलेला दुसरीकडे!

कॅसेट पाहताना पहिली गंमत जाहिरातींची झाली. रेकॉर्डिंग करताना काकांनी सुरुवातीला जाहिराती आल्या की बटण दाबून टेप थांबवलेली दिसते. टेप महाग होती, तीन तासांच्या कॅसेटमध्ये जास्तीत जास्त गाणी बसवायची होती. पुढे मात्र ते कंटाळले असावेत, कारण नंतरच्या कॅसेटमध्ये जाहिराती जशाच्या तशा आहेत. गच्चीवर सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या त्या ओनिडा टीव्हीच्या शिंगवाल्या सैतानाला. गाणी तर आज मोबाइलवरही सापडतात. दोन गाण्यांच्या मधला तो मसाला, निवेदकाचे कपडे, पत्र पाठवायचा पत्ता पडद्यावर तरंगताना दिसणं, हे मात्र फक्त अशा घरगुती टेपमध्येच उरलंय.

दुसरी गोष्ट वहीतून कळली. बऱ्याच गाण्यांपुढे काकांनी 'सि. ला. ना.' असं लिहिलंय. याचा उलगडा आम्हाला दोन दिवस होईना. शेवटी काकूंनी सांगितलं, "सिनेमा लागला नाही." म्हणजे चित्रपट थिएटरात यायच्या आधीच गाणं टॉप टेनमध्ये! तेव्हा सिनेमाच्या आधी महिना-दोन महिने कॅसेट बाजारात यायची. टी-सिरीजने कॅसेट इतक्या स्वस्त केल्या होत्या की १९९० च्या 'आशिकी'पासून लोक आधी गाणी विकत घ्यायचे आणि मग सिनेमा बघायचा की नाही ते ठरवायचे. निर्मात्यांना टॉप टेन म्हणजे आयतं जाहिरातीचं दुकान मिळालं. गाण्याचा तुकडा वाहिनीला द्यायचा, तो दर आठवड्याला लागणार, आणि त्यावर वर 'लोकप्रिय' असा शिक्काही बसणार. काकांच्या लाल रकान्याचा राग बहुधा याच गोष्टीवर असावा. 'सि. ला. ना.' लिहिलेल्या गाण्यांना त्यांनी स्वतःचा नंबर सहसा दिलेलाच नाही. तिथे नुसती एक आडवी रेघ आहे.

एका कॅसेटवर '१९४२: अ लव्ह स्टोरी'चं गाणं आहे. ते सुरू झालं आणि गच्चीवरचा गलका थांबला. राहुल देव बर्मन ४ जानेवारी १९९४ ला गेले, चित्रपट आला त्यानंतर जुलैमध्ये. ज्यांना आधीची काही वर्षं फारसं कोणी काम देत नव्हतं, त्यांची गाणी पायदानं चढत होती आणि ते पाहायला ते नव्हते. वहीत त्या गाण्यापुढे काकांनी, आपला नियम मोडून, सिनेमा लागायच्या आधीच लाल शाईने नंबर टाकलाय.

त्या काळाची भांडणंही या टेपमध्ये आहेत. १९९३ मध्ये 'खलनायक'मधल्या चोळीच्या गाण्यावरून लोक दिल्लीच्या कोर्टात गेले होते. १९९४ च्या 'खुद्दार'मधल्या करिश्मा कपूरच्या गाण्यातला एक इंग्रजी शब्द ओरड झाल्यावर बदलून तिथे 'बेबी' घालण्यात आला. ज्यांनी आधीच कॅसेट घेतली होती त्यांच्या घरात एक गाणं वाजत होतं आणि टीव्हीवर दुसरं! आमच्या नातवंडांना यातलं काही धक्कादायक वाटलं नाही. त्यांना धक्का बसला तो वेगळाच: एका आठवड्यात फक्त दहा गाणी, आणि ती पाहायला सगळं घर एका वेळी एका खोलीत.

आता सातव्या गाण्याबद्दल. १९९५ मधल्या एका भागात सातव्या पायदानावर एक गाणं लागलं आणि गच्चीवर जमलेल्या साठ-सत्तर जणांपैकी कोणालाही ते ओळखू येईना. अंताक्षरीत कोणाला न हरणारी ए विंगची मंडळीसुद्धा गप्प. नायक नवखा, नायिका पुढे कुठे दिसली नाही, चित्रपटही आला आणि गेला असणार. पण वहीत बघितलं तर 'माझा नंबर' या रकान्यात त्या गाण्यापुढे लागोपाठ तीन आठवडे १ लिहिलाय. चौथ्या आठवड्याला गाणं यादीतूनच गायब. तेव्हा मागे खुर्चीत बसलेल्या काकू म्हणाल्या, "हे होय? हे तर ते दाढी करताना म्हणायचे. मला वाटायचं स्वतःच जुळवलंय."

मला विचाराल तर जुने टॉप टेन पुन्हा बघण्याचा खरा उपयोग हाच आहे. पहिल्या नंबरची गाणी आपण विसरलेलोच नाही. ती लग्नात वाजतात, गणपतीत वाजतात, रिक्षात वाजतात. त्यामुळे आपल्याला वाटायला लागतं की १९९५ साल म्हणजे फक्त 'रंगीला' आणि 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'. पण त्या वर्षी माणसं दर आठवड्याला दहा गाणी ऐकत होती, आणि त्यातली बरीचशी आज कोणाच्या लक्षात नाहीत. ती ज्यांना आवडली होती ती माणसंही होती. ते सातवं गाणं नंतर इंटरनेटवर शोधल्यावर सापडलं. मात्र अमुक आठवड्यात ते सातवं होतं, आणि आपल्या बी विंगमधल्या एका माणसाला ते पहिलं वाटत होतं, हे त्या टेपमध्ये आणि वहीत सोडून जगात कुठेही लिहिलेलं नाही.

सी विंगमधल्या एका जोडप्याचा मुलगा मँचेस्टरला असतो. हा कार्यक्रम ठरत असताना त्याने तिकडची हकीकत कळवली, ती ऐकण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये 'टॉप ऑफ द पॉप्स' नावाचा कार्यक्रम १ जानेवारी १९६४ ला मँचेस्टरमधल्याच एका जुन्या चर्चच्या इमारतीतून सुरू झाला आणि ३० जुलै २००६ पर्यंत आठवड्यामागून आठवडे चालला. त्यांचे नियम कडक होते. जे गाणं खाली घसरलं ते वाजवायचं नाही, आणि पहिल्या नंबरचं सोडून कुठलंही गाणं लागोपाठ दोन आठवडे घ्यायचं नाही. एप्रिल २०११ पासून बीबीसीने हे जुने भाग पुन्हा दाखवायला सुरुवात केली, तेही पस्तीस वर्षांपूर्वीचा तोच आठवडा धरून. म्हणजे २०११ मध्ये १९७६ चे भाग.

सुरुवात १९७६ पासूनच का? कारण त्याआधीचे बहुतेक भाग बीबीसीने स्वतःच पुसून टाकले होते. टेप महाग, जागा कमी, आणि गेल्या आठवड्याची गाणी परत कोण बघणार, हा हिशेब. बीटल्ससारखा जगप्रसिद्ध संघ १९६६ मध्ये त्या कार्यक्रमात येऊन गेला, तो भागही गेला. २०१९ मध्ये त्यातले काही सेकंद मिळाले. ते कसे? कोणीतरी आपल्या घरी टीव्हीसमोर छोटा कॅमेरा धरून चित्रण केलं होतं, आवाजाशिवाय. एवढ्या मोठ्या संस्थेकडे जे राहिलं नाही, ते एका कुटुंबाच्या फितीत राहिलं. पुनःप्रक्षेपणातही सगळंच येत नाही. एका निवेदकाचे गंभीर गुन्हे त्याच्या मृत्यूनंतर उघड झाले, तेव्हापासून त्याचे भाग वगळले जातात. ते योग्यच आहे, पण जुनं पाहणं म्हणजे दर वेळी गोड आठवणीच असतात असं नाही, हेही त्यावरून कळतं. आपल्याकडेही टेप पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत होतीच, आणि टॉप टेनसारखा दर आठवड्याचा माल जपून ठेवायचं तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं असेल?

एक गोष्ट मराठी माणूस म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. काकांच्या वहीत मराठी गाणं एकही नाही. असणार कसं? कार्यक्रमच हिंदी चित्रपटगीतांचे. १९९८ मध्ये मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा' आला. पावसाळ्यात ज्या घरात गेलो तिथे ती कॅसेट दिसायची, पण असल्या उतरंडीत तिला जागा असण्याचा प्रश्नच नव्हता. जे मोजलं जात नाही ते नव्हतंच असं पुढच्या पिढीला वाटू शकतं. म्हणून या नंबरांना इतिहास मानताना ते कशाचे नंबर आहेत, हे आधी विचारावं.

मोजण्याची साधनंही बदलत गेली. पोस्टकार्ड पंधरा पैशांचं होतं तेव्हा टीव्हीच्या कार्यक्रमांना पत्रांचा असा पूर यायचा की टपाल खात्याने स्पर्धांसाठी दोन रुपयांचं वेगळं कार्ड काढलं. पुढे एसएमएस आले. २००५ मध्ये आपला अभिजित सावंत पहिला 'इंडियन आयडॉल' झाला तेव्हा आपल्या सोसायटीत कोणी किती एसएमएस पाठवले याची चर्चा मेंटेनन्सच्या थकबाकीपेक्षा जास्त झाली होती. आता तर कितीजणांनी गाणं पाहिलं तो आकडा गाण्याखालीच असतो. पण एकाच गाण्यावर शंभर वेळा टिचकी मारणारा एक आणि शंभर वेगवेगळी माणसं, यात तो आकडा फरक करत नाही. गिरगावच्या जिन्याखालचा रबरी शिक्का निदान एका संघाचं एकच मत पाठवायचा.

आता कामाचं. काकांच्या चौदा कॅसेटपैकी अकरा आपण संगणकावर उतरवून घेतल्या. तीन कॅसेटच्या टेपवर पांढरी बुरशी चढलीय, त्या मशिनमध्ये घातल्या तर मशीनही जाईल. आपल्या दमट हवेत माळ्यावरच्या कॅसेटचं हेच होतं. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेही २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. म्हणजे आज जी जुनी मशिनं चालू आहेत ती चालू आहेत तोवरच. अजून पंचवीस वर्षांनी, सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वेळी, हे काम करायचं म्हटलं तरी करता येणार नाही.

म्हणून विनंती अशी, की दिवाळीच्या साफसफाईत व्हिडिओ किंवा ऑडिओ कॅसेट निघाल्या तर भंगारात देऊ नका. सोसायटीच्या ऑफिसात त्यासाठी एक कपाट रिकामं केलंय, रविवारी सकाळी दहा ते बारा तिथे कोणीतरी असतं. लग्नाच्या कॅसेट असतील तर उतरवून परत देऊ, त्यांची प्रत ठेवणार नाही. गाण्यांच्या असतील, तर कृपा करून वरची चिठ्ठी फाडू नका, खोडलेलंही तसंच राहू द्या. कोणी शेजारी पेन्सिलीने नंबर टाकले असतील, तर ते आम्हाला टीव्हीवाल्यांच्या नंबरांपेक्षा जास्त हवे आहेत.